फरीदाबाद सोडून गोव्याला जायचंय? आधी एक पावसाळा काढून बघा

उत्तरेतल्या धुरकट थंडीला कंटाळून समुद्रकाठी बिऱ्हाड हलवण्याचा विचार अनेक मराठी कुटुंबे करत आहेत. तिकडे हवा बदलते हे खरे. पण हवेबरोबर आणखी काय काय बदलते, याचा हिशेब मांडल्याशिवाय सामान बांधायला घेऊ नये.

नोव्हेंबरमधली सकाळ. फरीदाबादच्या एका सेक्टरमधले मराठी घर. आठ वाजून गेले तरी समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची गच्ची दिसत नाही. खिडक्यांच्या फटींना ओले फडके लावलेले आहे. आतल्या खोलीत त्र्याऐंशी वर्षांच्या आजी उशांना टेकून बसल्या आहेत आणि त्यांच्या खोकल्याची उबळ थांबत नाही. हवा शुद्ध करणारे यंत्र कोपऱ्यात घरघरत आहे.

"बस्स झालं आता. गोव्याला जाऊन राहू या," दोन वर्षांपूर्वी कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ दरवर्षीप्रमाणे म्हणतात.

"अहो, पण तिथे आपलं आहे कोण?" त्यांच्या पत्नीचाही प्रश्न ठरलेला.

"इथे आलो तेव्हा तरी कोण होतं?"

यावर त्या काही बोलत नाहीत. आधणात आले किसून टाकतात. विषय तेवढ्यापुरता मिटतो आणि पुढच्या धुरकट सकाळी पुन्हा निघतो.

थोड्याफार फरकाने हे चित्र फरीदाबाद, गुरुग्राम, नोएडा आणि दिल्लीतल्या अनेक मराठी घरांतून दिसते. कुणाला गोवा खुणावतो, कुणाला वेंगुर्ला, मालवण, देवगड. तीस-पस्तीस वर्षे उत्तरेत काढल्यावर समुद्राकाठी, आपल्या भाषेच्या जवळपास जाऊन राहावे असे वाटले, तर त्यात गैर काहीच नाही. मात्र चार दिवसांची सहल आणि बारा महिन्यांचा संसार यांत फार अंतर असते.

जावेसे का वाटते?

फरीदाबाद हे गाव मुळात बाहेरून आलेल्यांनीच वसवले. फाळणीनंतर बन्नू, डेरा इस्माईल खान अशा सरहद्द प्रांतातल्या भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. आजही त्या भागाला लोक एनआयटी म्हणजे 'न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप' म्हणूनच ओळखतात. पुढे कारखाने वाढले, ट्रॅक्टर, यंत्रांचे सुटे भाग, रबर, विजेचे सामान तयार होऊ लागले आणि देशभरातून माणसे आली. त्यांत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही होती. इथेच घरे झाली, मुले शिकली, गणपती बसू लागले.

याच गावाचे नाव २०१८ मध्ये वेगळ्या कारणाने जगभर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या २०१६ सालच्या आकडेवारीत, हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत कानपूरचा क्रमांक पहिला आणि फरीदाबादचा दुसरा होता. वर्षाची सरासरी होती घनमीटरला १७२ मायक्रोग्रॅम. भारताने स्वतः ठरवलेली मर्यादा ४० ची आहे, तर आरोग्य संघटनेची त्या वेळची शिफारस १० ची होती आणि २०२१ मध्ये तिने ती ५ वर आणली. हे कण इतके बारीक असतात की नाका-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. लहान मुले, म्हातारी माणसे, दमेकरी आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्यांचा त्रास सर्वांत आधी जाणवतो.

थंडी आली की हवा जड होऊन जमिनीलगत साचते. त्यात वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, कारखाने, कचरा जाळणे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेतातले पाचट पेटवणे या सगळ्यांची भर पडते. मग 'ग्रॅप'ची बंधने लागतात. बांधकामे थांबतात, शाळा घरून भरतात, जुन्या गाड्या रस्त्यावर आणता येत नाहीत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तर जानेवारीत पहाटे चार-पाच अंशांवर येतो. पाण्याचाही प्रश्न आहेच. ज्या बडखल तलावात एके काळी सुटीच्या दिवशी नौकाविहाराला झुंबड उडायची, तो पुढे कोरडा पडला. अनेक वस्त्यांत बोअरवेलचे पाणी जड आणि खारट लागते.

अशा वेळी पणजीचे हवामान स्वर्गासारखे वाटले तर नवल नाही. मे महिन्यातही तिथला पारा सहसा ३३-३४ अंशांच्या पुढे जात नाही. जानेवारीत रात्री वीस अंशांच्या आसपास तापमान असते. स्वेटर, रजया, हीटर, गिझरचा मोठा खर्च, सगळे बाद. समुद्रावरून वारा वाहत असल्याने धूर साचून राहत नाही. सांधेदुखीने जखडलेली माणसे सकाळी मोकळेपणाने चालायला बाहेर पडू शकतात.

२०२० मध्ये टाळेबंदी आली, कार्यालये घरातून चालू लागली आणि दिल्लीकडची अनेक तरुण मंडळीही संगणक घेऊन गोव्याला जाऊन राहिली. त्यातली काही तिथेच स्थिरावली, काही वर्ष-दोन वर्षांत परतली. परतलेल्यांची कारणे ऐकण्यासारखी असतात, कारण जाहिरातीत ती कुणी छापत नाही.

पावसाळा म्हणजे काय ते आधी पाहा

दिल्ली-फरीदाबादकडे वर्षाला साधारण सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पणजीला तो तीन हजारांच्या घरात जातो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे उत्तरेत वर्षभरात जेवढा पडतो, तेवढा तिथे एखाद्या महिन्यात पडून जातो.

पर्यटक म्हणून डिसेंबरात गेलेल्याला याचा पत्ताच नसतो. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी येते. रेशमी साड्यांवर डाग पडतात. पुस्तकांची पाने फुगतात. मीठ पाझरते, पापड सादळतात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. किनाऱ्यालगत असाल तर खाऱ्या वाऱ्याने फ्रिज, एसी, खिडक्यांचे गज, गाडीचा पत्रा यांना गंज चढतो. वादळी वाऱ्यात झाड पडून वीज गेली तर खेडेगावात ती परत यायला वेळ लागतो. मे २०२१ मध्ये आलेल्या तौक्ते चक्रीवादळात गोवा आणि सिंधुदुर्गात झाडे आणि विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर पडले होते. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात काही गावांत टँकर येतातच.

स्थानिक माणसे याची तयारी उन्हाळ्यातच करतात. सुकी मासळी, कोकम, मिरची, डाळी, जळण असे सगळे पावसाआधी भरून ठेवायचे. याला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताजी मासळी महागते. ज्या घरात हे शहाणपण पिढ्यान्पिढ्या आहे तिथे पावसाळा सुखाचा जातो. नवख्याला मात्र तो अंगावर येतो.

इथे आजारी माणसांच्या घरच्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धूर टळला म्हणजे छातीचा प्रत्येक विकार टळला असे नसते. ओल आणि बुरशी यांनी काहींचा दमा उलट बळावतो. म्हणून बिऱ्हाड हलवण्याआधी छातीच्या डॉक्टरांना "धुराचा त्रास जास्त की दमटपणाचा?" हा प्रश्न स्पष्ट विचारावा. डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस हे पावसाळी आजार तिथेही आहेत. सत्तरी तालुका आणि सिंधुदुर्गातला दोडामार्ग-सावंतवाडीचा पट्टा इथे गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्णही आढळले आहेत. तेव्हा जंगलालगत, काजूच्या बागेत घर घेणाऱ्यांनी तेवढी दक्षता घ्यायला हवी.

हवेचेही तसेच. गोव्याची हवा फरीदाबादपेक्षा पुष्कळ चांगली, यात वाद नाही. पण वास्को परिसरातले लोक मुरगाव बंदरातल्या कोळशाच्या धुळीविरुद्ध अनेक वर्षे तक्रार करत आले आहेत. गोवा छोटा असला तरी सगळीकडे सारखा नाही. जागा निवडताना 'गोव्यात' एवढे पुरत नाही, 'कोणत्या गावात' हे पाहावे लागते.

दवाखाना किती लांब?

साठी ओलांडलेल्यांनी समुद्र किती जवळ आहे याआधी रुग्णालय किती जवळ आहे ते पाहावे. फरीदाबादेत या बाबतीत सोय उत्तम आहे. मोठी खासगी रुग्णालये आहेत, कर्मचारी विम्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२२ मध्ये सुरू झालेले अमृता रुग्णालय आहे. मेट्रो २०१५ मध्ये फरीदाबादला आणि २०१८ मध्ये बल्लभगढपर्यंत पोचल्यामुळे दिल्लीतली रुग्णालयेही आवाक्यात आली.

गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हा मोठा आधार आहे. १८४२ मध्ये पोर्तुगीज काळात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ही परंपरा. पण सारा गोवा आणि शेजारच्या सिंधुदुर्गातले रुग्णही तिथेच येतात, त्यामुळे गर्दी असते. पणजी, मडगाव, म्हापसा या शहरांत खासगी रुग्णालये आहेत. काणकोण, पेडणे किंवा सत्तरीच्या एखाद्या टुमदार वाडीतून रात्री दोन वाजता तिथे पोचायला किती वेळ लागेल, हे घर घेण्याआधी एकदा गाडी चालवून बघावे. बुकिंग करणारा दलाल हे सांगणार नाही.

योजनांचेही पाहून ठेवा. सत्तरीपुढच्या नागरिकांना आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, ते राज्य बदलले तरी चालू राहते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी मात्र गोव्यात पाच वर्षे वास्तव्य लागते. कंपनीचा किंवा खासगी आरोग्य विमा असेल तर नव्या गावातली कोणती रुग्णालये त्याच्या यादीत आहेत, ते आधी विचारून घ्यावे.

घर घेताना फसू नका

खरी परीक्षा इथे असते. उत्तरेतला फ्लॅट विकून आलेला पैसा हातात, मनात घाई आणि कायद्याची माहिती नाही, अशा माणसाची दलाल वाटच पाहत असतात.

गोव्यात जमिनीचा उतारा 'एक-चौदा' या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखाच तो वाचावा लागतो. त्यात कुळाचे किंवा मुंडकाराचे नाव आहे का, हे प्रथम पाहा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याला तिथे मुंडकार म्हणतात आणि १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. जमीन तुमची झाली तरी तो हलणार नाही, आणि त्याने हलावे अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही.

दुसरी गोष्ट वारसांची. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा आहे. त्यानुसार लग्नानंतर, वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून विकणाऱ्याची एकट्याची सही पुरत नाही, जोडीदाराचीही लागते. वडिलोपार्जित घर असेल तर सगळ्या वारसांची आणि त्यांच्या जोडीदारांचीही लागते. त्यातले कुणी मुंबईत, कुणी लिस्बनमध्ये, कुणी आखातात. एक सही राहिली तर घर न्यायालयात अडकते. जुनी पोर्तुगीज धाटणीची घरे दिसायला देखणी असतात आणि वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. परगावी असलेल्या किंवा मरण पावलेल्या मालकांच्या जमिनी खोट्या कागदपत्रांनी विकल्याची प्रकरणे इतकी वाढली की २०२२ मध्ये गोवा सरकारला त्यासाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले.

तिसरी गोष्ट किनारा नियमन क्षेत्राची. भरतीच्या रेषेपासून साधारण ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये तर नव्या घराला सहसा परवानगीच नसते. खाड्या आणि भरतीचे पाणी जिथवर येते त्या नद्यांच्या काठालाही नियम लागू होतात. "खिडकीतून समुद्र दिसतो" अशी जाहिरात असेल तर आधी परवानग्या दिसतात का, ते पाहा. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर गोव्याने २०२३ च्या कायद्याने बंदी आणली आहे. डोंगरउताराच्या जागेला निवासी वापराची सनद मिळालेली आहे का, तेही तपासावे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. "आधी घेऊन टाका, बिगरशेती नंतर करून देतो" या आश्वासनावर आयुष्याची पुंजी लावू नये. स्थानिक वकील स्वतः निवडावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

भाड्याने राहायचे म्हटले तर वेगळीच गंमत आहे. फरीदाबादेत ज्या महिन्यांत श्वास कोंडतो, त्याच नोव्हेंबर ते जानेवारीत गोव्याचा हंगाम भरात असतो आणि भाडी चढतात. पर्यटकांकडून एका आठवड्यात महिन्याचे भाडे मिळत असेल तर काही घरमालक वर्षभराचा भाडेकरू घ्यायला तयार नसतात, किंवा ऑक्टोबरात जागा खाली करायला सांगतात. म्हणून अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार आणि पोलीस पडताळणी या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी पुऱ्या कराव्यात.

मुले, नोकरी आणि ये-जा

शाळकरी मुले असतील तर विचार आणखी काळजीने करावा. उत्तरेत बहुतेक मुले केंद्रीय मंडळाच्या शाळांत शिकतात. गोव्यात बहुसंख्य शाळा गोवा मंडळाच्या आहेत. केंद्रीय मंडळाच्या शाळा मोजक्या, त्याही शहरांजवळ. नववी ते बारावीच्या मध्ये मुलाला हलवणे शक्यतो टाळावे. एक चांगली बाजू म्हणजे मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा गोव्यात गावोगाव आहेत. मूल देवनागरी वाचत असेल तर रुळायला सोपे जाते.

तरुणांसाठी पगाराची नोकरी हा कच्चा दुवा आहे. पर्यटन, औषधनिर्मिती, शिक्षण अशी काही क्षेत्रे सोडली तर फरीदाबाद-गुरुग्रामइतका पर्याय तिथे नाही. सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागितले जाते. घरून काम करणाऱ्यांनी कंपनीकडून तसे लेखी घ्यावे. उद्या "कार्यालयात या" असा निरोप आला तर गुरुग्राम एकोणीसशे किलोमीटरवर असते.

प्रवासाची सोय पूर्वीपेक्षा सुधारली आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. निजामुद्दीनहून मडगावला राजधानीने साधारण एक दिवस आणि रात्र लागते, पावसाळ्यात त्याहून जास्त. दाबोळीच्या जोडीला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून आणि सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाला. पण गावातल्या गावात हिंडणे अवघड जाते. संध्याकाळनंतर बस विरळ होतात. दिल्लीत मोबाईलवर बोलावतो तशी टॅक्सी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत नाही. मोटारसायकलवर मागे बसवून नेणारे 'पायलट' तरुणांना ठीक, आजींना नव्हे. म्हणजे स्वतःची गाडी हवी आणि ती चालवता येणारे घरात किमान दोघे हवेत.

जुनी गाडी नेणार असाल तर बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे झाल्यास तिची नव्या राज्यात नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र आधीच घ्या. मतदार यादी, आधार, बँक, गॅस, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, या सगळ्या पत्त्यांची यादी करून एकेक बदलत जावे.

माणसे कुठून आणायची?

"तिथे आपलं आहे कोण?" हा त्या गृहिणीचा प्रश्न पुरुषमाणसे बहुधा हसण्यावारी नेतात. खरे तर सगळ्या हिशेबात तोच सर्वांत मोठा आहे.

फरीदाबादच्या घरात त्यांचे तीस वर्षांचे जग आहे. शेजारच्या पंजाबी बाईंना आजींच्या औषधांच्या वेळा पाठ आहेत. कोपऱ्यावरचा औषधवाला रात्री अकरालाही शटर वर करतो. घरकामाची बाई पंधरा वर्षे येते आहे. गणपतीत पंचवीस जणींचा मोदकांचा घाणा पडतो. गुरुग्रामला राहणारी आठ वर्षांची नात दर शनिवारी येते आणि आजीच्या कुशीत झोपते. हे काही ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

गोव्यात मराठी माणसाला परके वाटत नाही, हे खरे. मराठी वृत्तपत्रे, नाटके, भजने, कीर्तने तिथे भरपूर आहेत. मंगेशी, शांतादुर्गा ही कित्येक महाराष्ट्रीय घरांची कुलदैवते. चवथीला घराघरांत माटोळी बांधली जाते. पण "गोवा म्हणजे आपलाच" या समजुतीत जाणाऱ्याला पहिला धक्का भाषेवरून बसतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात कौल घेतला गेला आणि लोकांनी वेगळे राहणे पसंत केले. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, सरकारी कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद राहिली, त्याच वर्षी गोवा घटकराज्य झाले. १९९२ मध्ये कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या सगळ्यामागे मोठे लढे आहेत. तेव्हा "कोकणी ही मराठीचीच बोली ना?" असे पहिल्याच भेटीत शेजाऱ्याला विचारणे म्हणजे दार स्वतःच्या हाताने बंद करून घेणे. त्यापेक्षा सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराशी मोडक्या कोकणीत दोन शब्द बोलावेत. मराठी येणाऱ्याला ती लवकर जमते आणि माणसे खुलतात.

बाहेरून येणाऱ्यांविषयी गोव्यात थोडी नाराजीही आहे, विशेषतः दिल्लीकडून येऊन टेकड्या फोडून बंगले बांधणाऱ्यांविषयी. छोटे राज्य, क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. जमीन महागली की गावातल्याच मुलाला गावात घर घेता येत नाही. २००६ मध्ये जाहीर झालेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या विरोधामुळे २००७ मध्ये रद्द करावा लागला होता. आजही ग्रामसभेत मोठ्या गृहप्रकल्पांवर वाद होतात. नव्या माणसाने विहिरीचे पाणी, पायवाट, देवळाची रीत यांचा मान ठेवला, कुंपण घालण्याआधी शेजाऱ्याला विचारले, तर ही नाराजी त्याच्या वाट्याला फारशी येत नाही.

मग करावे काय?

जायचेच असेल तर पुढील क्रम ठेवावा.

फरीदाबादचे घर लगेच विकू नये, भाड्याने द्यावे. विकलेले घर त्याच किमतीत परत मिळत नाही.

पहिले वर्ष गोव्यात भाड्याने राहावे आणि सुरुवात डिसेंबरात नव्हे, जूनमध्ये करावी. पावसाळ्यात भाडे कमी असते आणि गावाचा खरा चेहरा दिसतो. घर कुठे गळते, वीज किती वेळ जाते, डॉक्टर रात्री येतो का, सगळे कळते. जे गाव ऑगस्टमध्ये आवडेल ते जानेवारीत आवडेलच.

पहिले घर शहराजवळ घ्यावे. फोंडा, पर्वरी, मडगाव, म्हापसा यांच्या आसपास बाजार, रुग्णालय, बस मिळते. समुद्र अर्ध्या तासावर असला तरी चालतो. तो रोज पाहायला कुणी जात नाही, हे तिथे राहणाऱ्यांना ठाऊक असते.

घरातल्या प्रत्येकाला विचारावे. हवा सर्वांची बदलते, पण सोबत सुटते ती बहुधा घरातल्या बाईची. तिला तिथे काय करायला मिळेल, याचे उत्तर निघाल्याशिवाय तारीख ठरवू नये.

सगळे सोडणे जमत नसेल तर मधला मार्गही आहे. दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने तेवढे बाहेर काढावेत. गोव्यात त्या दिवसांत जागा महाग असते, पण वेंगुर्ला, देवगड, गुहागर अशा ठिकाणी आधीपासून बोलून ठेवले तर घरगुती जागा परवडेल अशी मिळू शकते.

त्या फरीदाबादच्या घरातला वाद अखेर आजींनी मिटवला. "मला न्यायचं म्हणून जाऊ नका," त्या म्हणाल्या, "माझे किती दिवस उरलेत? तुम्हा दोघांना पुढची वीस वर्षं जिथे काढायचीत तिथे जा."

मग पहिल्यांदाच नवरा-बायको वही घेऊन बसले. एका पानावर काय मिळेल ते, दुसऱ्यावर काय जाईल ते. पहिले पान त्यांनी भरले, दुसरे तिने. दुसऱ्या पानावर सर्वांत वर नातीचे नाव होते. ते वाचून त्यांनी फ्लॅट विकण्याचा विषय त्या दिवसापुरता नव्हे, वर्षभरापुरता मागे घेतला.

ठरले ते एवढेच. छातीच्या डॉक्टरांनी हो म्हटले तर जूनमध्ये फोंड्याला अकरा महिन्यांसाठी जायचे. घराची एक किल्ली शेजारच्या पंजाबी बाईंकडे राहील. नात उन्हाळ्याच्या सुटीत येईल आणि पावसात परतेल. पुढच्या वर्षी मे महिन्यात वही पुन्हा उघडायची, दोन्ही पाने नव्याने लिहायची आणि या वेळी पाने अदलाबदल करायची. जे मिळाले ते तिने लिहायचे, जे गेले ते त्यांनी.